पोर फावोर

आल्या दिवशीच सासूने न विचारता नातीला पाळण्यातून उचललं आणि स्पॅनिश बोलणाऱ्या सुनेचं तोंड फुगलं. मुलगा म्हणाला, “तिच्या भाषेत नीट माग गं, आई. ‘मे दा’ म्हणजे ‘मला देता का’.” सुनेला अहोजाहो करणं सासूच्या जिवावर आलं, पण मैद्याच्या डब्याकडे बघत तिने ते घोटून पाठ केलं. “आणि ‘पोर फावोर’ म्हणजे कृपया. त्यात पोर नाहीये,” मुलगा हसला. “माझ्या कृपयात आहे,” सासू म्हणाली. सकाळी शब्द विसरू नयेत म्हणून तोच डबा पोटाशी धरून ती सुनेसमोर ठाम उभी राहिली. “मे दा... पोर... फावोर.” सुनेने डब्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तिने डबा काढून घेतला आणि नात हातांत ठेवली. नवऱ्याकडून उचललेल्या मराठीत म्हणाली, “घे गं, आई.” “अगं, सासूला ‘घ्या’ म्हणतात!” मुलगा धावला. “गप्प बस. लेक आईला ‘घे’च म्हणते.”