रोंडाचा हात

स्पर्धेतल्या शेवटच्या घळीसाठी ऑरिनचं नाव पुकारलं तेव्हा रोंडा हिरव्या मिरचीचा बरिटो खात होती. उरलेला अर्धा तिने कागदात गुंडाळून ठेवला, हातमोजे चढवले आणि खडकांकडे चालू लागली. ऑरिनने पट्टे आवळले, इंजिन सुरू केलं.

नवराबायकोची ही जोडी चौदा वर्षांची. तो गाडी चालवणार, ती पुढे पायी खडकांत उतरून वाट दाखवणार. या खेळात वेगाला कुणी विचारत नाही. माणूसभर उंचीच्या खडकांवरून गाडी मुंगीच्या पावलांनी न्यायची, एक घळ दहा मिनिटांत, आणि वाटेत ठेवलेल्या नारिंगी शंकूंना चाक लागू द्यायचं नाही. एक शंकू म्हणजे दहा गुणांचा दंड. ज्याचा दंड कमी, तो जिंकला. चढणीवर ड्रायव्हरला समोर आभाळाशिवाय काही दिसत नाही. म्हणून तो स्वतःच्या डोळ्यांवर जातच नाही, समोरच्याच्या हातावर जातो. हात उजवीकडे म्हणाला तर उजवीकडे. तिथे अक्कल पाजळायला गेलं की गाडी उलटलीच समजा.

खडकांत दोघांचं असं मेतकूट, आणि घरी? घरी सगळा आनंद. दोन वर्षं झाली, ॲझ्टेक गावातल्या त्यांच्या घरात दूध संपलंय आणि नळ गळतोय यापलीकडे बोलणं जात नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. ऑरिन संध्याकाळी गॅरेजमध्ये जाई आणि उगाच नटबोल्ट पुसत बसे. बायको पलीकडच्या खोलीत असताना माणूस इतका एकटा पडू शकतो हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

एप्रिलमध्ये रोंडा म्हणाली होती, टूसॉनला बहिणीकडे जाते, तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळतंय. मग स्वतःच म्हणाली, फार्मिंग्टनची स्पर्धा जिंकलो तर सप्टेंबरच्या अंतिम फेरीपर्यंत थांबेन. हरलो तर दुसऱ्या दिवशी निघेन. धड राहते म्हणेना, धड जाते म्हणेना. ऑरिनने मान डोलावली. थांब म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मग तो दोन महिने त्या गाडीवर राबला.

आज फार्मिंग्टनला त्याच्या तोडीचा एकच प्रतिस्पर्धी होता, रुबेन आर्चुलेटा; त्याची गाडी सगळ्या घळी उरकून बसली होती आणि ऑरिन त्याच्यापेक्षा सहा गुणांनी सरस होता. गाडी एकदोनदा मागे घ्यावी लागली तर चाललं असतं, त्याचा दंड एकेका गुणाचा. शंकू मात्र एकही परवडणार नव्हता. रुबेन खिडकीशी येऊन म्हणाला, सावकाश जा म्हाताऱ्या, तुझं दुसरं बक्षीस कुठे पळून जात नाही. ऑरिन हसला. रोंडा हसली नाही.

पहिली पायरी गाडी सहज चढली. दुसरीवर मागचं चाक फिरत राहिलं, रोंडाने मूठ वळून थांबवलं, चार बोटं मागे घेतलं, पुन्हा सोडलं. एक गुण गेला. ऑरिनची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. वर्षभरात ती त्याच्याकडे सरळ बघायची ती अशाच दहा मिनिटांत. घळ संपूच नये असं त्याला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

मग शेवटचा कडा. गाडी वर चढली, क्षणभर तोलली आणि तिचं नाक खाली आलं. समोर बाहेर पडायची वाट, दोन शंकूंच्या मधली. उजवा शंकू खडकाच्या पोटाशी. अडीच मिनिटं हातात होती. घळीच्या काठावरची माणसं पुढे वाकली.

रोंडाने हात उजवीकडे केला.

ऑरिनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. हात तिथेच होता. त्याने चाकं उजवीकडे वळवली आणि ब्रेक सोडला.

शंकू आडवा झाला. पंचाने दोन्ही हातांची बोटं पसरून दहा दाखवले.

काठावरून हळहळ उठली. रुबेनचा चुलतभाऊ म्हणालाच, बायकोला पुढे उभं केलं की हे असं होतं. ऑरिन गाडीतून उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिने डावीकडेच दाखवलं होतं. मीच उजवीकडे वळवली." ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार?

बक्षीस रुबेनला मिळालं. ट्रेलर एकेक करून निघून गेले. ऑरिन गाडी ट्रेलरवर चढवून साखळ्या आवळत होता. रोंडा येऊन शेजारी उभी राहिली.

"तू खोटं का बोललास?" ती म्हणाली. "मी उजवीकडेच दाखवलं होतं."

"माहीत आहे."

"ज्यांनी पाहिलं त्यांना वाटतंय माझा हात चुकला."

"चुकतो कधी कधी."

"नाही चुकला." ती म्हणाली. "ऑरिन, तो शंकू मला दिसत होता."

त्याने शेवटची साखळी अडकवली, ओढून पाहिली.

"मलाही दिसत होता," तो म्हणाला.