पिलाच्या मोडलेल्या बरगड्या

खोदकामात निघालेल्या पिलाच्या बरगड्या एकूण एक मोडलेल्या होत्या. जीवाश्मांच्या अभ्यासक सरनाईक मॅडम दोन दिवस भिंग लावून त्यांवर दातांच्या खुणा शोधत होत्या.

"पाला खाऊन दहा हत्तींएवढा वाढणारा डायनासोर हा. आई शेपटीच्या फटक्यानं शिकारी प्राण्याचा जबडा फोडायची," त्या मजुरांना म्हणाल्या. "तरी त्यानं पिल्लू मारलंच."

मंदाबाई कुमरे बरगड्यांभोवतीचा गोल खळगा ब्रशनं झाडत होती. तो मोठ्या जनावराच्या पायाचा ठसा आहे, हे तिनं कालच ओळखलं होतं. पण समोर नवरा घमेलं भरत होता, म्हणून ती गप्प होती. मॅडमनी वहीत 'शिकार' असं लिहिलं, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"मॅडम, हे आईच्याच पायाखाली मेलं. आमची म्हैस अशीच वाघावर धावली. शिंगानं त्याचं पोट फाडलं तिनं. पण गर्रकन फिरली अन् तिचं रेडकू तिच्याच खुराखाली चेंगरलं."

मॅडमची पेन्सिल थांबली. त्या खळग्यावर वाकल्या.

"रेडकू वाघानं मारलं म्हणून सांगतलं होतं ना तू मले?" नवरा म्हणाला.

"सांगतलं. पोटचं मारणारी अपशकुनी म्हणून तुम्ही कुऱ्हाड घातली असती तिच्यावर."

त्यानं घमेलं खाली ठेवलं. 

"चार दिवस झाले, म्हैस पान्हा सोडत नाई," तो त्या बरगड्यांकडे बघत म्हणाला. "आज सकाळीच काठी मोडली मी तिच्या पाठीवर."