सकाळची नळी

घड्याळजीने परीक्षानळीचं वरचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. चार दिवस नळी नितळ निघाली होती. आज पाचवी सकाळ.

थोरल्या लेकीच्या रक्तातलं प्रथिन मूत्रपिंडांतून गळतं आणि लघवी तापवली की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं, हे आता तो झोपेतही सांगू शकला असता. सलग पाच दिवस नळी नितळ राहिली तर गोळ्या निम्म्या करू, असं डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं होतं. त्या गोळ्यांनी तिचं तोंड इतकं गोल झालं होतं, की वर्गात तिला भोपळा म्हणत.

"आमच्याकडे चहाच्या आधी हे उकळतं," बायको ओट्यापाशी म्हणाली. चार दिवसांत तिला पुन्हा थट्टा सुचू लागली होती. एकच गोष्ट तिला खटकत होती: थोरलीच्या घोट्यावर मोज्याचा वळ, सूज असल्यासारखा, रात्रीपर्यंत तसाच राहत होता. नळी खोटं बोलत नाही, असं त्यानेच तिला समजावलं होतं.

थोरली टेबलाला टेकून उभी होती, पाठ असलेला धडा दुसऱ्याकडून ऐकावा तशी.

नळीत बुडबुडे आले. वरचा भाग आधी धुरकटला, मग पांढरा झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याने ॲसिडचे थेंब टाकले. पांढरं विरलं नाही.

बायकोच्या हातातला चमचा थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजू, त्यात काय, असं काहीतरी थोरलीला म्हणावं म्हणून तो वळला. ती रडत नव्हती. नळीकडे टक लावून पाहत होती.

"बाबा, हे माझं नाहीये."

"मग कुणाचं?"

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. चारही दिवस बाटली धाकटीने भरून दिली होती, एका वासाच्या खोडरबराच्या बदल्यात. आजचीही तिचीच.

नळी अजून गरम होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

दारात धाकटी उभी होती. एक बूट हातात, पाय अनवाणी, पापण्या झोपेने जड झाल्यासारख्या.

"बाबा," ती म्हणाली, "हा काल पायात जात होता."