गार सरबत

साखर कारखान्यातले केमिस्ट परचुरे अंथुर्ण्याच्या एस.टी. थांब्यावर पोचले, तेव्हा दवाखान्यातून काढलेला कंपाउंडर सावळाराम वळकटीवर बसला होता. पेनिसिलिन विकून बाटल्यांत तो दुसरीच पूड भरतो, असा डॉक्टरांना संशय होता, आणि तपासणी परचुऱ्यांनी केली होती. औषधाचा थेंब लावलेली कागदाची पट्टी रसायनाच्या बरणीत टांगायची. पेनिसिलिन असलं तर डाग उमटतो. पण पाण्यात कालवलेलं पेनिसिलिन उन्हाळ्यात नासतं, म्हणून सगळं बर्फात ठेवावं लागतं. त्यासाठी बारामतीच्या गाडीनं भुशात बांधून बर्फ आला, आणि त्याच दुपारी परचुऱ्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. "तेवढ्यानं काय बिघडतंय," म्हणत त्यांनी बर्फ घरी पाठवला. तपासणी बर्फाशिवायच उरकली; पट्टी कोरी निघाली. त्यांनी डॉक्टरांना लिहून दिलं, 'औषध नाही.' पण मन खात होतं, म्हणून काल पुन्हा बर्फ मागवून त्यांनी त्याच बाटलीतली पूड तपासली. आज सकाळी पट्टीवर डाग ठसठशीत उमटला होता. ती पट्टी आता खिशात होती. "सावळाराम, मला तुम्हाला..." त्यांचा हात खिशाकडे गेला. सावळाराम धडपडत उठला. "उन्हाचं कशाला आला, सायेब? तुमाला जे दिसलं ते तुमी लिवलं. तुमच्यावर राग न्हाय माजा. आन् वैनीसायबांस्नी सांगा, त्या दिशी निकालाची वाट बघत तुमच्या ओट्यावर बसलो हुतो, तर पावण्यांसंगं मलाबी सरबत दिलं त्यांनी. बर्फ घातलेलं. लई गार हुतं."