लांबचा डाव

"मामू, आज जवळचेच डाव सांगा हां. रोजा आहे," याकूब म्हणाला.

"मग मला काय नाही?" खैरुद्दीन हसला.

खैरुद्दीनला फक्त कडेला उभं राहून बोलायचं होतं. आखातातल्या तरीफच्या तेल कॅम्पात दर शुक्रवारी अमेरिकन ड्रिलर त्यांचा फुटबॉल खेळत, लांबट चेंडू हातात धरून पळायचा. आज फोरमनचा घसा बसला होता. डाव सांगायचं काम त्याने स्टोअरकीपर खैरुद्दीनवर टाकलं. बघून बघून त्याला सगळे डाव पाठ होते. एक गडी कमी पडला, तेव्हा खैरुद्दीननेच भाच्याला पुढे केलं. गावी, दाभोळच्या पुळणीवर याकूबला कधी कुणी गाठलं नव्हतं.

"लाँग!" खैरुद्दीन ओरडला. याकूब मैदानाच्या टोकाकडे पळाला. फेकलेला चेंडू त्याच्या चार हात पुढे पडला.

"लाँग!" याकूबने वळून एकदा मामूकडे पाहिलं. पळाला.

स्टोअरात खैरुद्दीनच्या शब्दावर साधा खिळा हलत नसे. इथे दहा-अकरा साहेब हलत होते.

"लाँग! यल्ला, पळ!"

या वेळी चेंडू थेट याकूबच्या हातात आला, निसटला, आणि याकूब तिथेच कोसळला. कुणीतरी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. "नो वॉटर, सर, नो वॉटर!" करत खैरुद्दीन धावला. तो पोहोचेपर्यंत याकूब घटाघटा प्यायला होता. सातव्या वर्षापासून त्याने एक रोजा चुकवला नव्हता.

साहेबांची जुंपली.

"डावच चुकला," एक म्हणाला. "दमलेल्या माणसाला किती पळवायचं?"

"डाव फर्स्ट क्लास होता," फोरमन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ह्याच्या हातांनी घालवला." त्याने खैरुद्दीनच्या पाठीवर थाप मारली. "गुड कॉल, खैरू!"

याकूब खाली बसून ऐकत होता.

"थँक यू, सर," खैरुद्दीन म्हणाला.

सूर्य बुडायला आला तेव्हा दोघे तंबूबाहेर चटईवर बसले होते, मध्ये खजुराची ताटली. त्या पाण्यानंतर याकूबने तोंडात काही घातलं नव्हतं.

"माझ्यामुळे झालं रे," खैरुद्दीन कसंबसं म्हणाला.

"पळालो तर मीच ना, मामू."

अजान झाली. खैरुद्दीनचा हात काही पुढे होईना. याकूबने एक खजूर पुसून त्याच्यापुढे धरला. आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं.

"आधी तुम्ही घ्या, मामू. तुमचा रोजा शाबूत आहे."