डबीतली सनई

मांडवाच्या दारात बाज आणून ठेवली होती. तिच्यावर बंडूजी तीन उशांना टेकून बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर सनई. सनईला ओठ लावायचा नाही, असं सावंगीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाजेशेजारी त्यांचा मुलगा धीरज गिटार अडकवून उभा. पायाशी एक चपटं पेडल, त्यातून वायर निघून स्पीकरला गेलेली.

"या डबीले तोंड कुठं हाय बे?" बंडूजींनी विचारलं.

"तोंड नाई लागत, बाबा. तार छेडली का आवाज अंदर जाते, अन् सनई होऊन बाहेर येते."

"अन् दम?"

"दमाचं कामच नाई. पाय दाबून ठेवला का सूर चालूच राह्यते."

बंडूजींनी आधी दम घेतला. एकेक वाक्य त्यांना चढण चढल्यासारखं जड पडत होतं.

"मंग बरं हाय. गावातल्या साऱ्या पोरी म्या वाजवत गाडीत बसवल्या. मधात सूर तुटला का पोरगी मागं पाह्यते. अन् मागं पाह्यलं का सासरी तिचा जीव लागत नाई. आपल्या वर्षालीचा तुटू देऊ नको."

धुरपताबाईंनी लेकीची ओटी भरली. वर्षाली बापाच्या गळ्यात पडली. नळीला धक्का लागू नये म्हणून जपून पडली. मग उठली, आणि नवऱ्यामागं चालू लागली. सासरची, कारंज्याची गाडी पिंपळाखाली उभी होती.

धीरजनं तार छेडली.

सनई वाजली. हुबेहूब बंडूजींची. धुरपताबाईंनी चमकून नवऱ्याच्या ओठांकडं पाहिलं. ओठ मिटलेले होते. पण मांडीवरच्या सनईवर बोटं फिरत होती, गाल फुगले होते, छाती भरली होती.

वर्षाली दहा पावलं गेली. वीस गेली. धीरजनं पाय दाबून धरला होता.

बोटं थांबली तेव्हा त्याचं लक्ष गेलं. बापाची छाती भरली होती ती भरलेलीच. ओठ निळे पडत होते.

"बाबा, दम काऊन रोखला? सोडा न."

बंडूजींनी नुसती मान हलवली. चाळीस वर्षं सुराची ओळ सरता सरता, कुणाला कळणार नाही असा, ते श्वास चोरून घेत आले होते. डबीची ही ओळ सरतच नव्हती.

गाडीचं दार उघडलं. वर्षालीनं पदर सावरला, एक पाय आत टाकला.

धीरजनं पेडलवरचा पाय उचलला.

डबीला चोरून थांबता येत नव्हतं. सूर तुटला तो साऱ्या मांडवाला ऐकू आला. त्या शांततेत बंडूजींचा श्वास करवतीसारखा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

पिंपळाखाली वर्षाली मागं वळली होती.

"दाब न बे," बंडूजी पुटपुटले. "पाहून राह्यली ती."

धीरजचा पाय पुन्हा पेडलकडं गेला. धुरपताबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाहू द्या तिले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकडाव पाहू द्या."