मुके ट्वीटर

लाउडस्पीकरमधला बारीक सूर काढणारा ट्वीटर आमच्या कारखान्यातून माझ्या कानांनी पास केल्याखेरीज चाळीस वर्षांत कधी बाहेर पडला नाही. त्याच्या कॉइलची केसासारखी तार माझी धाकटी जाऊ हाताने गुंडाळीत असे. यंदा मात्र तिचे ट्वीटर एकामागून एक मुके निघू लागले.

"जाऊबाई, मीटर लावून तरी बघा. तार शाबूत आहे हो," ती काकुळतीने म्हणाली.

"माझ्या कानांपुढे तुझ्या मीटरची काय मिजास?" असे सुनावून मी तिला कायमचे घरी बसवले.

आज ते सारे भंगारात देण्यापूर्वी मी त्यातला एक पुन्हा जोडून पाहिला. तोही मुकाच.

 

पलीकडच्या खोलीतून नात कानांवर हात दाबून धावत आली, "आजी, बंद कर ना ती शिट्टी!"